वेगाचा ताबा : विद्युत वाहनांच्या मोटारी आणि त्यांचे नियंत्रण
(प्रस्तावना)

विद्युत वाहनांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा बॅटरीपासून सुरू होते आणि बॅटरीपाशीच संपते. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, चार्ज व्हायला किती वेळ, काही वर्षांनी बदलायची झाली तर खर्च किती, हे ग्राहकाचे प्रश्न रास्तच आहेत. पण बॅटरीतली ऊर्जा चाकापर्यंत पोचते ती मोटार आणि तिच्या कंट्रोलरमुळे, आणि या दोघांविषयी मराठीत सलग, पायापासून मांडलेले लेखन फार थोडे आहे. ती उणीव भरून काढावी म्हणून हे पुस्तक आहे. त्यामागे एक ठाम भूमिका आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. वाहनाला कोणती मोटार योग्य, याचे उत्तर मोटारीच्या रचनेपेक्षा तिचा वेग आणि टॉर्क ताब्यात ठेवणाऱ्या साधनांत अधिक सापडते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची मोटार आधी जन्माला आली आणि तिला साजेसे नियंत्रण सापडेपर्यंत ताटकळत राहिली. एखादी शंभर वर्षेसुद्धा. ही गोष्ट लक्षात आली की आजच्या बाजारातल्या मोटारींची गर्दी गोंधळाची वाटत नाही, आणि उद्या काय बदलू शकेल याचाही थोडाफार अंदाज येतो.

याचा सर्वांत जुना पुरावा स्कॉटलंडमधला आहे. रॉबर्ट डेव्हिडसन याने १८४२ साली एडिंबरो-ग्लासगो रेल्वेमार्गावर बॅटरीवर चालणारे इंजिन चालवून दाखवले. त्याच्या आसावर लाकडी दंडगोल होते, दंडगोलांवर लोखंडी पट्ट्या होत्या, आणि बाजूला बसवलेले विद्युतचुंबक त्या पट्ट्यांना पाळीपाळीने ओढून घेत. पट्टी चुंबकासमोर आली की त्याच क्षणी प्रवाह तोडायचा आणि पुढच्या चुंबकाला द्यायचा, एवढेच त्याचे तत्त्व. आज ज्याला स्विच्ड रिलक्टन्स मोटार म्हणतात ती हीच. डेव्हिडसनचे इंजिन माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने गेले आणि मागे पडले. जस्ताची बॅटरी महाग होती, हे एक कारण. पण प्रवाह नेमक्या क्षणी जोडण्या-तोडण्याचे चांगले साधनही त्याच्याकडे नव्हते. पुढे १९८०च्या सुमारास लीड्स विद्यापीठात पीटर लॉरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मोटारीला अर्धवाहक स्विचांची जोड दिली, तेव्हा तिचा पुन्हा गंभीरपणे विचार सुरू झाला. मधल्या एकशे अडतीस वर्षांत लोखंड आणि तांबे बदलले नव्हते. बदलला होता तो स्विच.

सुरुवातीच्या काळात डी.सी. मोटार पुढे गेली ती याचमुळे. तिचे नियंत्रण तिच्या पोटातच होते. कम्युटेटर आणि कार्बन ब्रश मिळून रोटर फिरेल तसा प्रवाह एका गुंडाळीतून दुसरीत वळवत राहतात. बाहेरून कोणाला काही करावे लागत नाही. सीरीज जोडणीच्या मोटारीत तोच प्रवाह आर्मेचरमधूनही जातो आणि फील्डमधूनही, म्हणून लोखंड चुंबकीय दृष्ट्या भरून जाईपर्यंत टॉर्क प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थांबलेली जड गाडी हलवायला याहून सोयीचा गुण नाही. फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात ट्रॅम चालवल्या त्या डी.सी. मोटारींवर, आणि कामिय जेनात्सी याने १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली तीही याच मोटारींच्या जोरावर. पेट्रोलच्या गाड्यांना ते तोवर जमले नव्हते.

मुंबईकरांना या मोटारीची ओळख शंभर वर्षांची आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विद्युत रेल्वेगाडी १५०० व्होल्ट डी.सी.वर धावली, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची ही डी.सी. व्यवस्था पूर्णपणे जायला २०१६ साल उजाडले. त्या लोकलमध्ये वेग वाढवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण नंतर जे जे आले ते तिच्यातल्या उणिवांवरचे उत्तर होते. गाडी उभी असताना मोटारीत फिरण्यामुळे तयार होणारा उलटा विद्युतदाब नसतो, म्हणून पूर्ण व्होल्टेज दिले तर प्रवाह बेसुमार होईल. तो रोखायला मधे मोठे रेझिस्टन्स घालायचे आणि गाडी वेग घेईल तसे एकेक वगळत जायचे. आधी मोटारी एकमेकींशी सीरीज, मग पॅरलल, आणि शेवटी फील्ड दुबळे करून आणखी थोडा वेग. प्रवाह स्थिर धरला आणि मोटारीचा स्वतःचा रोध बाजूला ठेवला, तर फक्त रेझिस्टन्सवर सुरुवात करताना घेतलेल्या विजेपैकी निम्मी उष्णता होऊन जाते. दोन मोटारी सीरीज-पॅरलल केल्या की हा तोटा एक तृतीयांशावर येतो. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत हा हिशेब दिवसभर चालतो. गाडीच्या पोटाखालून येणारी ती गरम हवा म्हणजे वेगनियंत्रणाची किंमत होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर आला आणि त्यावर चालणाऱ्या चॉपरने व्होल्टेज जाळण्याऐवजी सेकंदाला शेकडो वेळा तोडून सरासरी कमी-जास्त करणे शक्य केले. मोटार तीच राहिली, रेझिस्टन्स गेले. ब्रश मात्र झिजत राहिले, ठिणग्या उडत राहिल्या.

इंडक्शन मोटारीला ब्रशची गरजच नाही. फेरारिस आणि टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना १८८०च्या दशकात मांडली आणि १८८९ साली डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्याचा रोटर बनवला. लोखंडी पत्र्यांची थप्पी, तिच्या खाचांत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सळया, दोन्ही टोकांना त्या सळया जोडणारी कडी, बस्स. रोटरला बाहेरून एकही तार जात नाही. महाराष्ट्रातल्या हजारो विहिरींवर ही मोटार आज पाणी उपसते आहे. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटार मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली, १४४०च्या आसपास फिरते. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक म्हणजे स्लिप, आणि रोटरमधला प्रवाह त्या स्लिपमुळेच निर्माण होतो. थेट लाइनवर चालू केली तर ती नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते, म्हणून शेतकरी स्टार-डेल्टा स्टार्टर लावतो. त्याने लाइनचा प्रवाह एक तृतीयांशावर येतो, पण सुरुवातीचा टॉर्कही तितकाच उतरतो. पंपाला ते चालते, कारण कमी वेगात पंपावर फारसा भार नसतो. चढावर उभ्या असलेल्या भरलेल्या गाडीला चालत नाही. तिला सर्वाधिक टॉर्क शून्य वेगालाच हवा असतो.

मोटार इतकी दणकट आणि स्वस्त असूनही वाहनात का आली नाही, याचे उत्तर इथे आहे. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला होता आणि फ्रिक्वेन्सी बदलण्याचे सोपे साधन नव्हते. काल्मान कांदो या हंगेरियन अभियंत्याच्या आराखड्यावर १९०२ साली इटलीतल्या वाल्तेल्लिना मार्गावर थ्री-फेज इंडक्शन मोटारींची रेल्वे सुरू झाली, पण तिला ठरावीक वेगांवरच धावता येत असे. त्यापुढे साठ-सत्तर वर्षे प्रश्न तिथेच अडकून राहिला. मग अर्धवाहक स्विचांनी डी.सी.पासून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज वीज घडवणारा इन्व्हर्टर व्यवहार्य केला. १९८०च्या दशकात आलेल्या आयजीबीटी या अर्धवाहक स्विचने त्याला वेग आणि विश्वासार्हता दिली. या घटकाच्या विकासात मद्रासमध्ये जन्मलेले बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. भारतीय रेल्वेत थ्री-फेज इंजिने १९९०च्या दशकात आली, आणि मुंबईच्या लोकलमध्ये २००७पासून आलेल्या नव्या गाड्यांत इंडक्शन मोटारी आहेत. १९९६ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत आणलेली ईव्ही-वन आणि २०१२ची टेस्ला मॉडेल एस या दोन्ही गाड्याही इंडक्शन मोटारीवरच्या.

फ्रिक्वेन्सी हातात आली तरी काम संपले नव्हते. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांचे प्रमाण कायम ठेवून दोन्ही बदलत गेले तर पंखा, पंप छान चालतात. पण पाय दाबताच टॉर्क हवा असेल तर ही पद्धत अडखळते. डी.सी. मोटारीत ब्रशच्या जागेमुळे चुंबकक्षेत्र आणि टॉर्क देणारा प्रवाह एकमेकांशी काटकोनात राहतात. सायकलचा दांडा आडवा असताना पायडलवर दिलेला जोर सगळा चाक फिरवण्यात जातो आणि दांडा उभा असताना तोच जोर वाया जातो, तसाच हा कोनाचा प्रश्न आहे. ए.सी. मोटारीत तो कोन सारखा हलत असतो. रॉबर्ट पार्क यांनी १९२९ साली दिलेल्या गणिती रूपांतराने हे फिरते चित्र रोटरबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून स्थिर दिसू लागले. १९७०च्या आगेमागे जर्मनीत कार्ल हासे आणि फेलिक्स ब्लाश्के यांनी त्यावर नियंत्रणाची पद्धत उभारली: मोजलेल्या तीन फेजच्या प्रवाहांचे दोन घटक करायचे, एक चुंबकत्व सांभाळणारा आणि दुसरा टॉर्क देणारा, आणि दोघांना स्वतंत्रपणे हाकायचे. याला फील्ड ओरिएंटेड किंवा व्हेक्टर कंट्रोल म्हणतात. हे गणित सेकंदाला हजारो वेळा करणारा स्वस्त प्रोसेसर मिळेपर्यंत आणखी दीड-दोन दशके गेली. १९८६ साली जपानमध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी डायरेक्ट टॉर्क कंट्रोल मांडले. त्यात मधले रूपांतर टाळून टॉर्क आणि फ्लक्स यांच्या चुकीवरून थेट स्विच निवडले जातात. ही पद्धत चपळ आहे, पण टॉर्कमध्ये थरथर जास्त. वाहनांत आज व्हेक्टर कंट्रोलचीच सरशी आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

चुंबकाच्या मोटारीची कथा याच वळणाने जाते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक तयार केला. या चुंबकाने रोटरला क्षेत्र फुकट मिळाले. रोटरमध्ये प्रवाह नाही म्हणून तिथली उष्णताही फार कमी. टोयोटाची प्रियस १९९७ साली आणि निसानची लीफ २०१० साली याच मोटारी घेऊन आल्या, आणि टेस्लासुद्धा २०१७च्या मॉडेल थ्रीमध्ये इकडे वळली. आपल्याकडच्या स्कूटरींत, ई-रिक्षांत तर चुंबकाच्याच मोटारी प्रामुख्याने दिसतात. पण चुंबक बंद करता येत नाही, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. वेग वाढला की उलटा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत पोचतो, मग पुढे जाण्यासाठी चुंबकाला विरोध करणारा प्रवाह मुद्दाम सोडावा लागतो. भर वेगात इन्व्हर्टर बंद पडला तर तोच उलटा दाब बॅटरीकडे अनियंत्रित प्रवाह ढकलू शकतो. म्हणून कंट्रोलरला अशा वेळी तिन्ही फेज मुद्दाम शॉर्ट करण्याची सोय ठेवावी लागते. उष्णता वाढली की चुंबक दुबळा पडतो, आणि तो टिकावा म्हणून त्यात डिस्प्रोशियमसारखे महाग मूलद्रव्य घालतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, चाकाच्या हबमध्ये बंद असलेल्या आणि वाऱ्याखेरीज दुसरे थंडावण्याचे साधन नसलेल्या मोटारीचा विचार या संदर्भात करावा.

म्हणूनच चुंबकाची मोटार जिंकली, आता इतर प्रकार शिकायचे कशाला, हा आक्षेप टिकत नाही. एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही महिन्यांतच पुण्याच्या वाहन उद्योगाला त्याची झळ जाणवली. बी.एम.डब्ल्यू.ने आधीच तांब्याची गुंडाळी असलेला, बाहेरून प्रवाह द्यावा लागणारा रोटर निवडला आहे. रेनोच्या झोई गाडीतही तोच होता. दोन मोटारींच्या कित्येक गाड्यांत एका आसावर चुंबकाची आणि दुसऱ्यावर इंडक्शनची मोटार असते, कारण गरज नसताना इंडक्शन मोटार बंद ठेवली तर ती जवळजवळ ओढ लावत नाही. रिलक्टन्स मोटारीला तर चुंबकही नको आणि पिंजराही नको. तिचा गोंगाट आणि टॉर्कमधला चढउतार अजून पुरता आवरलेला नाही, पण ते काम पुन्हा नियंत्रणाचेच आहे. यातला कोणताही प्रकार कायमचा बाद झालेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोटार आजच नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असताना सुधारायला उरले काय, खरा प्रश्न बॅटरीचा. कॅटलॉगमधला तो आकडा एका ठरावीक वेगाचा आणि भाराचा असतो. शहरातली स्कूटर मात्र दिवसाचा मोठा भाग अर्ध्यामुर्ध्या भारावर, थांबत-निघत जाते, आणि तिथे मोटार व कंट्रोलर दोघांची कार्यक्षमता बरीच खाली येते. तिथे वाचवलेला प्रत्येक टक्का तेवढी बॅटरी कमी करतो. ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही नियंत्रणावर अवलंबून आहे. दिल्ली मेट्रोच्या या पुनर्जननी ब्रेकचा प्रकल्प २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन योजनेत नोंदला गेला, इतकी ती बचत मोजता येण्याजोगी होती. बॅटरी महत्त्वाची आहे हे मान्यच. पण तिची किंमत कमी करण्याचा एक मार्ग मोटारीतूनच जातो.

कंट्रोलर बंद डब्यात येतो, बिघडला की बदलतात, मग आत काय चालते ते गॅरेजवाल्याला कशाला, असेही म्हणतात. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलला थांबलेली, मागे माणूस बसलेली स्कूटर घ्या. मूठ पिळली की तिच्यातला हॉल सेन्सर साधारण एक ते चार व्होल्टांमधला एक दाब कंट्रोलरला देतो. कंट्रोलर त्यावरून हवा तो टॉर्क ठरवतो, फेजचे प्रवाह मोजतो, आणि सेकंदाला दहा हजार किंवा अधिक वेळा स्विच चालू-बंद करून ते हव्या आकड्यावर आणतो. कमी वेगात कंट्रोलर दाब उतरवतो आणि प्रवाह वाढवतो. बॅटरीच्या तारेतून वीस अँपियर येत असताना मोटारीच्या तारांतून शंभर वाहू शकतात. चाक फिरतच नसेल तर तो प्रवाह त्याच ठरावीक गुंडाळ्यांतून आणि त्याच स्विचांतून सतत वाहतो, एरवी सगळ्यांत वाटली जाणारी उष्णता तेवढ्यांवर साचते, आणि काही सेकंदांत कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी टॉर्क कापतो. गाडी ‘दम तोडते’ म्हणून आलेला ग्राहक आणि बॅटरीच्या तारेवर क्लॅम्प मीटर लावून ‘करंट तर बरोबर आहे’ म्हणणारा मेकॅनिक, दोघेही खरे बोलत असतात. डबा बदलून हा दोष जात नाही. तो समजण्यासाठी दोन्ही बाजूंचे प्रवाह वेगळे असतात हे ठाऊक हवे.

कायद्याचीही बाजू आहे. आपल्या नियमांत नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळण्यासाठी दुचाकीची तीस मिनिटे टिकणारी शक्ती २५० वॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. जाहिरातीतली शक्ती पुष्कळदा क्षणिक असते. तीस मिनिटांची शक्ती मोटार किती उष्णता बाहेर टाकू शकते यावर ठरते. आणि वेगाची मर्यादा बहुतेक वेळा मोटारीत नसते, कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये असते. म्हणूनच ती खोलून वेग वाढवणे सोपे जाते, आणि म्हणूनच राज्याच्या परिवहन विभागाला अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाई करावी लागली. वाढवलेला प्रवाह गुंडाळीचे इन्सुलेशन आणि बॅटरी या दोघांवर येतो, हे विकणाऱ्याने सांगितले नाही तरी विकत घेणाऱ्याला कळले पाहिजे.

तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत यंत्रे एका सत्रात, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्यात आणि नियंत्रणशास्त्र तिसऱ्यात शिकवतात. वाहनात मात्र तिन्ही एकाच क्षणी काम करतात. ही फाळणी मोडणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू. म्हणून इथे प्रत्येक मोटार तिच्या इन्व्हर्टरसह आणि नियंत्रणाच्या पद्धतीसह येते, आणि समीकरण मांडण्याआधी त्यातली प्रत्येक राशी वाहनात कुठे मोजता येते ते सांगितले आहे. आय.टी.आय. किंवा पदविकेचा विद्यार्थी, रिवाइंडिंगच्या दुकानातून या कामाकडे वळू पाहणारा कारागीर आणि पदवीधर अभियंता हे तिघे समोर ठेवले आहेत. गणित बारावीच्या पातळीचे पुरेल; व्हेक्टर कंट्रोलच्या भागात थोडा धीर लागेल. बॅटरीचे रसायनशास्त्र आणि बाजारातल्या गाड्यांची तुलना मुद्दाम बाहेर ठेवली आहे, कारण पहिल्यासाठी वेगळे पुस्तक हवे आणि दुसरी सहा महिन्यांत शिळी होते. डी.सी. मोटारीचा भाग जुना म्हणून कोणी ओलांडू नये. पुढचे सगळे नियंत्रण ए.सी. मोटारीला तिच्यासारखे वागायला लावण्याच्या प्रयत्नातून घडले आहे.

एक विनंती कळकळीने. या पुस्तकातले प्रयोग ४८ व्होल्टच्या संचावर बसवलेले आहेत. ते तिथेच करा. साठ व्होल्टांच्या वरची डी.सी. वाहनांच्या मानकांत धोकादायक गटात धरली जाते आणि मोटारगाड्यांत ती बहुधा तीनशे-चारशे व्होल्ट असते. बॅटरी सोडवल्यावरही इन्व्हर्टरमधला कपॅसिटर काही काळ भारलेला राहतो. मीटरने मोजून शून्य आल्याशिवाय त्याच्या टोकांना हात लावू नका.